गच्चीवरचं भांडण

कुडाळ, २ जुलै

प्रिय मंदा,

आठ महिने पत्र नाही, तुझे दोन फोन उचलले नाहीत. अण्णांच्या बाराव्याला तू एवढ्या लांबून आलीस आणि मी तुझ्याशी धड बोललेही नाही. रागावली असशील तर तो राग रास्त आहे. तब्येत ठीक, गुडघा आपला तोच. आज लिहायला बसले ते हॉस्टेलच्या गच्चीवरच्या त्या भांडणासाठी, ॲमेझॉनच्या निकस मातीवर पूर्वी मोठ्या वस्त्या होत्या की नाही यावरच्या. तू म्हणाली होतीस, "माती काय आयती मिळते का? ती करावी लागते." मी पुस्तकाचं पान तुझ्या नाकासमोर धरलं होतं. मंदा, तुझं बरोबर होतं.

तेव्हा माझ्या बाजूला, म्हणजे पुस्तकात, अमेरिकन पुरातत्त्वज्ञ बेट्टी मेगर्स होत्या. ॲमेझॉनच्या जंगलाचं सगळं धन झाडांत असतं, माती धुपून निकस झालेली, म्हणून तिथे लहान टोळ्यांपलीकडे माणूस वाढू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्या लाल मातीवर दोन वर्षं नाचणी घेतली की जमीन कशी मान टाकते ते लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे मला ते लगेच पटलं. पंचवीस वर्षं मुलांना तेच शिकवलं.

आता इक्वेडोरमधल्या, ॲमेझॉनच्याच जंगलातल्या उपानो खोऱ्याचं वाचलं. विमानातून लेझर सोडून झाडांखालची जमीन मोजली, तर ३०० चौरस किलोमीटरमध्ये मातीचे ६,००० हून अधिक चौथरे, सरळ रेषेत खणलेले रस्ते, पाणी काढून दिलेली शेतं. सुरुवात इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास. २०२४ च्या जानेवारीत हे छापून आलं. पण थांब, एवढ्यात नाचू नकोस. शेजारीच सांगाय ज्वालामुखी आहे. त्याच्या राखेची माती सुपीकच असणार, तिथे तुझा मुद्दा सिद्ध होत नाही!

सिद्ध होतो तो ब्राझीलमध्ये, शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यात. पुरातत्त्वज्ञ मायकेल हेकेनबर्गर तिथल्या कुइकुरो लोकांबरोबर वर्षानुवर्षं राहून काम करत होते. खंदक, मधोमध चौक, गावागावांना जोडणारे रुंद रस्ते, आणि गावांभोवती काळी माती. पोर्तुगीजमध्ये तिला 'तेरा प्रेता' म्हणतात, काळी माती एवढाच अर्थ. कोळसा, खापरं, हाडं, मासळीचे काटे, उकिरडा, सगळं पिढ्यान् पिढ्या मुरलेलं. तू राबाचं, पेरणीआधी जमिनीवर फांद्या-पाला जाळण्याचं, उदाहरण दिलं होतंस आठवतं? मी म्हटलं होतं, राबाची राख पहिल्या पावसात वाहून जाते. तेही खरंच, पण कोळसा टिकतो आणि खत धरून ठेवतो. आपण दोघी अर्ध्या अर्ध्या बरोबर होतो असं लिहायचा मोह होतोय. लिहीत नाही.

आणि ओरेयाना हा स्पॅनिश सरदार १५४२ मध्ये ॲमेझॉन नदी उतरला, तेव्हा त्याच्याबरोबरच्या कार्वाहाल पाद्रीने काठाकाठाने गजबजलेल्या वस्त्या लिहून ठेवल्या. पुढे गेलेल्यांना नुसतं जंगल दिसलं, म्हणून त्याला थापाड्या ठरवलं. मधल्या काळात देवी, गोवर येऊन गेले होते. गावंच्या गावं संपली आणि त्यावर झाडं उगवली. 'अस्पर्श अरण्य' म्हणून मी ज्याचा फोटो भिंतीवर लावला, त्यातला काही भाग म्हणजे पडलेली गावं असतील, या विचाराने दोन रात्री झोप नाही.

आता खरी काळजी. हे सगळं मी नववीत उत्साहाने सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचा बाप खाणीच्या डंपरवर आहे. म्हणाला, "बाई, मग जंगल तोडलं तरी चालतं ना? परत उगवतं." वर्ग हसला, घंटा झाली. मी खडू हातात धरून उभीच.

घरी येईपर्यंत उत्तरं सुचत गेली. त्यांच्याकडे दगडी कुऱ्हाडी होत्या, गुरांचे हजारोंचे कळप नव्हते. ब्राझील नट, पेरू देशापासून ब्राझीलपर्यंतचे ताड, कोको, अशी खायची झाडं त्यांनी राखली, लावली. जंगल घालवून नव्हे, जंगलात हात घालून ते राहिले. आणि ते परत उगवलं ते माणसं मेली म्हणून, त्या मुलाला हे कसं सांगू? तिथेही सोयाबीन आणि गुरांसाठी जंगल साफ करणारे लोक हेच बोलत असतील, 'पूर्वीही माणसं होतीच की.' जे खरं आहे ते शिकवायचं, पण ते चुकीच्या हातात पडलं तर? मेगर्सबाईंनाही शेवटपर्यंत हीच भीती होती असं वाटतं, आणि पूर्वी त्यांचा मला जेवढा आधार वाटायचा तेवढीच आज माया वाटते.

तुझ्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा तिन्ही दक्षिण अमेरिकेचे, हे सासूबाईंना अजून सांगितलं नाहीस ना? नको सांगूस, उपास मोडतील.

सोनूची बारावी कशी झाली? नव्या घरात पाणी येतं का? यांचं बरं आहे, तुला विचारतात.

मंगळवारी नववी 'ब'ला पुन्हा तास आहे. त्याआधी फोन कर, या वेळी पहिल्या रिंगला उचलीन. त्या मुलाला मातीतल्या माणसाने उत्तर द्यायला हवं.

तुझी,
शोभा