ज्यांची नावं कुठेच नोंदली गेली नाहीत, त्यांचे आभार

मोकळ्या मैदानात, आपापल्या गाडीत बसूनच मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा, ते ड्राइव्ह-इन थिएटर. त्याच्या इतिहासात रिचर्ड हॉलिंग्सहेड यांचं नाव हमखास येतं. ६ जून १९३३ रोजी त्यांनी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. मान्यच. पण पुढे गावोगावी एकेका कुटुंबाने ही थिएटरं चालवली, आणि त्या कुटुंबांना हात देणारी माणसं कायम अनामिकच राहिली. आज आभार मानायचेत ते त्यांचे.

पुढची गाडी आडवी येऊ नये म्हणून प्रत्येक रांगेत मातीचा उतार करून गाड्यांची तोंडं वर उचललेली असत. तो उतार नेमका साधणाऱ्या मजुरांनो, मनापासून आभार. आवाजासाठी खांबावरचा वायरचा स्पीकर गाडीच्या खिडकीला अडकवत. तो विसरून लोक गाडी तशीच पुढे काढत आणि वायर तुटून जाई. दुसऱ्या दिवशी खांबाखांबापाशी बसून त्या वायरी जोडणाऱ्यांचे तर विशेष आभार. आवाजच नसता तर पडद्याकडे कोण बघणार! पुढे एफएम रेडिओवरून आवाज थेट गाडीत यायला लागला आणि हे काम संपलं.

खरी कसोटी लागली ती २०१३च्या सुमारास. फिल्मच्या रिळांची जागा डिजिटलने घेतली. नव्या प्रोजेक्टरला हजारो डॉलर लागणार होते, ते छोट्या कुटुंबांनी आणायचे कुठून? तेव्हा नाव न सांगता वर्गणी देणारे प्रेक्षक पुढे आले. कितीतरी पडदे त्यांच्यामुळेच टिकले. तुम्हा सगळ्यांचे मनःपूर्वक आभार.