'फोर' म्हणजे चौकार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अदिती अशोक चौथी आली आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत त्या दिवशी पहिल्यांदाच गोल्फ लावले गेले. पुरुषांमध्ये त्याच ऑलिंपिकला उदयन माने खेळला. आता क्रीडापानावर गोल्फला चार ओळी मिळतात, पुण्यात येरवड्याच्या मैदानावर व्यावसायिक स्पर्धा होतात आणि हौसेने बघायला जाणारेही आहेत. पण तिथे जाऊन कुठे उभे राहायचे आणि काय ऐकू आले की काय करायचे, हे त्यांना कोणीच सांगत नाही. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला तर वेगळाच धोका आहे. चेंडू माणसांच्या दिशेने निघाला की गोल्फमध्ये खेळाडू 'फोर!' असे ओरडतो. आपल्या कानाला हा शब्द चौकाराचा. तो ऐकला की आपण सवयीने मान वर करून चेंडू शोधतो, आणि त्या क्षणी चेहरा चेंडूपुढे धरलेला असतो.

२८ सप्टेंबर २०१८ रोजी पॅरिसजवळच्या ले गोल्फ नॅशनल मैदानावर अमेरिका आणि युरोप यांच्यातल्या रायडर कप या सांघिक स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी जे घडले ते या खेळाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. सहावा होल (टी या सुरुवातीच्या जागेपासून ग्रीनवरच्या भोकापर्यंतचा टप्पा) पार-४चा, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा, पण जोरात मारणाऱ्याला पहिल्याच फटक्यात ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक गवताची जागा, गाठण्याचा मोह पडेल इतका आखूड. अमेरिकेच्या ब्रूक्स केप्काचा टीवरून मारलेला चेंडू ग्रीनजवळच्या गर्दीत गेला आणि एका महिला प्रेक्षकाच्या उजव्या डोळ्यावर बसला. त्या डोळ्याची दृष्टी गेली. अधिकाऱ्यांनी इशारा दिलाच नाही, असे त्या बाईंचे म्हणणे होते. 'फोर' अनेकदा पुकारले होते, असे संयोजकांनी सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. टीवर दिलेली हाक अडीच-तीनशे मीटरवरच्या गोंगाटात पोहोचेलच असे नाही. पोहोचली तरी ती आपल्यासाठी आहे हे प्रत्येकाला कळेल असेही नाही.

चेंडू लहान दिसतो म्हणून लोक त्याला हलके समजतात. नियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा आणि कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे लांब फटक्यासाठीच्या काठीवरून, तो ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. म्हणजे सुटताना त्यात जी ऊर्जा असते ती साधारणपणे ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या सीझन बॉलइतकी. हवेत त्याचा वेग झपाट्याने कमी होतो, तरी खाली येतानाही तो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. डोळ्याच्या बाबतीत त्याचा आकार अधिकच घातक. सीझन बॉल खोबणीभोवतीच्या हाडावर अडतो, ते हाड मोडते, पण बऱ्याचदा बुबुळापर्यंतचा मार थोडा कमी होतो. गोल्फचा चेंडू मात्र जवळजवळ खोबणीच्याच मापाचा आहे. तो आत शिरतो.

आता वेळेचा हिशेब. चांगला ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला लांब फटका, सुमारे सहा सेकंद हवेत असतो. आवाजाला अडीचशे मीटर जायला पाऊण सेकंद लागतो. खेळाडूने चेंडू सुटताच हाक दिली, तर तिथल्या माणसाच्या हाती चार-पाच सेकंद उरतात. डोके झाकून खाली बसायला एवढा वेळ भरपूर झाला. पण बरेच खेळाडू आधी चेंडूकडे बघत राहतात. वळेल परत, झाडाला अडेल, पोहोचणार नाही कदाचित, असे मनात चालू असते. त्यात चार सेकंद गेले की पुढच्या हाकेचा उपयोग नाही. खराब फटका मारल्याची लाज वाटते, हेही एक कारण आहे आणि ते मोठमोठ्या खेळाडूंतही दिसते. काही जण फक्त हात लांब करून दिशा दाखवतात. हात दाखवणे चांगलेच, पण ते टीकडे बघणाऱ्यासाठी. पाठमोऱ्या माणसाला आवाजच हवा. शंका आली की ओरडायचे, पूर्ण घसा लावून, आणि 'फोर राइट' किंवा 'फोर लेफ्ट' असे दिशेसकट. त्याच दिशेला हात आडवा करायचा. सोबतच्या खेळाडूंनी आणि कॅडींनी, म्हणजे त्यांची बॅग वाहणाऱ्या मदतनिसांनी, ती हाक उचलायची.

गोल्फच्या शिष्टाचारात शांततेला मोठा मान आहे. खेळाडू उभा राहिला की हलायचे नाही, फोन वाजू द्यायचा नाही, गर्दी सांभाळणाऱ्या मार्शलने हात वर केले की जागच्या जागी थांबायचे. नवख्या माणसावर या शांततेचे इतके दडपण येते की चेंडू अंगावर येताना दिसला तरी तो शेजाऱ्याला ओरडून सांगायला कचरतो. ही शांतता क्लब, म्हणजे मारायची काठी, चेंडूला लागेपर्यंतची आहे. त्यानंतर ओरडण्यात कसलाही असभ्यपणा नाही.

कुठे उभे राहावे, याबद्दलही गैरसमज आहेत. मारणाऱ्यापासून लांब गेलो म्हणजे सुरक्षित झालो, असे वाटते. चेंडूची दिशा सुटताना फक्त दहा अंशांनी चुकली, तर २३० मीटरवर तो रेषेपासून चाळीस मीटर बाजूला पडतो. त्यात फिरकीने आलेला वळसा आणखी वेगळा. उजव्या हाताच्या हौशी खेळाडूची नेहमीची चूक म्हणजे स्लाइस. क्लबचे तोंड स्विंगच्या मार्गाच्या मानाने उघडे राहते आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. म्हणून टीपासून दोनशे ते अडीचशे मीटरवरची उजवी बाजू सर्वांत धोक्याची. डावीकडे जाणारा हुक खालून येतो आणि पडल्यावर जास्त पळतो, तेव्हा पहिला टप्पा पडला म्हणून निश्चिंत होऊ नये. टीच्या मागे, थोडे बाजूला, दोरीबाहेर उभे राहणे उत्तम. तिथून चेंडूचा पूर्ण मार्गही दिसतो. ग्रीनजवळ बसायचे असेल तर ग्रीनच्या मागे थेट रेषेत बसू नये, आणि गटातला प्रत्येक खेळाडू मारेपर्यंत नजर टीकडे ठेवावी. पहिला फटका झाला की लोक गप्पांना लागतात आणि दुसऱ्याचा चेंडू येतो.

एक दृश्य तर दर स्पर्धेत दिसते. चेंडू झाडीत किंवा गर्दीत गेलेला असतो, खेळाडू तिथून बाहेर काढणार असतो, आणि त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना माणसांची गल्ली तयार होते. जेमतेम चार-पाच मीटर रुंद. सगळ्यांचे हात फोन धरून आत आलेले, पोरे मोठ्यांच्या पायांतून पुढे सरकलेली. हा फटका गवतातून, फांदीखालून, अर्ध्या स्विंगने मारलेला असतो, म्हणजे चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त. चेंडू क्लबच्या तोंडाऐवजी दांड्याजवळच्या गळ्याला लागला, याला शँक म्हणतात, तर तो खालून, सरळसोट वेगाने, उजव्या खेळाडूच्या उजवीकडे तिरपा सुटतो. पाच मीटरवरच्या माणसाला हाक ऐकायलाही वेळ नसतो. चेंडूच्या पुढे, त्यातही उजव्या अंगाला, कोणीही असता कामा नये. मार्शलने गल्ली दुप्पट-तिप्पट रुंद करून घ्यावी आणि ती होईपर्यंत खेळाडूने क्लब हातात धरून नुसते थांबावे. पाच मिनिटे गेली तरी चालतील.

'फोर' ऐकू आल्यावर काय करायचे, ते एवढेच. वर बघायचे नाही. आवाजाकडे पाठ करायची, हनुवटी छातीला लावायची, दोन्ही हातांनी डोके आणि मान झाकून खाली बसायचे. झाडाचे खोड, गाडी, बॅग एका पावलावर असेल तरच तिच्या आड व्हायचे. पळत सुटायचे नाही, कारण पळणारा माणूस उंच राहतो आणि कुठे पळतो आहे ते त्याला माहीत नसते. लहान मूल असेल तर त्याला स्वतःच्या अंगाखाली घ्यायचे. चेंडू पडल्याचा आवाज आल्यावरही दोन क्षण तसेच राहायचे. झाडाला किंवा सिमेंटच्या वाटेला लागून तो परत उडतो.

चेंडू कोणाला लागला तर खेळाडूला दंड नाही. गोल्फच्या नियम ११.१ प्रमाणे तो अपघात असेल तर चेंडू जिथे थांबला तिथून खेळायचा. म्हणून प्रेक्षकांनी चेंडू उचलू नये, चुकून उचलला तर जागा दाखवावी. पण आमचा आक्षेप नियमांच्या दुसऱ्या टोकाला आहे. इतरांच्या सुरक्षिततेचे भान ठेवणे नियम १.२मध्ये खेळाडूच्या वर्तनाचा भाग म्हणून सांगितले आहे, तरी हाक न दिल्याबद्दल ठरलेला दंड मात्र त्यात नाही. नियम १.२ब प्रमाणे स्पर्धा समितीला स्वतःची आचारसंहिता करून दंड ठेवता येतो. आपल्या क्लबांनी हे करावे. माणसांच्या दिशेने चेंडू गेला आणि हाक दिली नाही, तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा एक फटका दंड. लागलेल्या माणसाला सही केलेला ग्लव्ह देण्याची रीत चांगली आहे, पण ती नंतरची गोष्ट.

सर्वांत जास्त वेळ या धोक्यात कोण असते, तर तिकीट काढून आलेला प्रेक्षक नव्हे. माळी, गवत कापणारे कामगार आणि कॅडी रोज तिथे असतात. मोअरवर, म्हणजे गवत कापायच्या यंत्रावर, बसलेल्या माणसाच्या कानात इंजिनाचा आवाज असतो, वर कानांवर आवाज अडवणारी झाकणे लावलेली असतात. त्याला 'फोर' ऐकूच येत नाही. त्याने मागे वळून हात केल्याशिवाय टीवरून मारायचे नाही, ही शिस्त कागदावर सगळीकडे असते. घाईत असलेला गट ती पाळत नाही. चेंडू पडतो तिथे पुढे उभा राहून तो शोधून देणारा कॅडी, ज्याला जुन्या क्लबांत आगेवाला म्हणत, तर कामच असे करतो की चेंडू त्याच्याकडे यावा. त्याला हेल्मेट द्या, जाळीचा आडोसा द्या आणि चढापलीकडच्या, न दिसणाऱ्या होलवर घंटा लावा. पुढचा गट पल्ल्याबाहेर गेला की त्याने ती वाजवायची आणि मगच मागच्यांनी मारायचे. हा सारा खर्च एका ड्रायव्हरच्या किमतीत बसेल.

व्यवस्थापनाला जबाबदारी टाळता येत नाही, हे परदेशातल्या न्यायालयांनी स्पष्ट केले आहे. इंग्लंडमध्ये सँडविच रोड या रस्त्यालगतच्या टीवरून मारलेल्या चेंडूने टॅक्सीची काच फुटून चालकाचा डोळा गेला. १९२२ च्या निकालात ती जागाच सार्वजनिक उपद्रव ठरली, कारण तिथून चेंडू वारंवार रस्त्यावर जात असत. स्कॉटलंडमध्ये निड्री कॅसल क्लबवर २००७ साली एका होलवरून दुसऱ्याकडे चालत जाणाऱ्या खेळाडूचा डोळा गेला. २०१३ साली अपिलात न्यायालयाने ८० टक्के दोष क्लबवर आणि २० टक्के चेंडू मारणाऱ्यावर ठेवला. भरपाई सुमारे चार लाख पौंडांची होती. त्या वाटेवर धोक्याची पाटी नव्हती, हा क्लबविरुद्धचा मोठा मुद्दा ठरला. आपल्या शहरांतली मैदाने इमारतींनी आणि रस्त्यांनी वेढलेली आहेत. दोन होलमधल्या प्रत्येक वाटेवर, जिथे चेंडू ओलांडू शकतो तिथे, मराठीत पाटी हवी.

आणि कोणाला लागलेच, तर डोळा चोळू नये, दाबू नये, पाण्याने धुऊ नये. फुटलेल्या डोळ्यावर कापसाचा दाबही नुकसान करतो. कागदी कपाचा तळ डोळ्याला न टेकता कडेच्या हाडावर बसेल असा ठेवून चिकटपट्टी लावावी, डोके थोडे उंच ठेवावे, काही खायला-प्यायला देऊ नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. डोक्याला लागले असेल तर माणूस उठून 'काही नाही' म्हणाला तरी त्याला एकटे सोडू नये. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, यातले काहीही दिसले की १०८ ला फोन करावा. हे चोवीस तासांतही उद्भवू शकते. प्रत्येक मार्शलला मैदानावरून जवळच्या नेत्र शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाचे नाव पाठ हवे.

संयोजकांना आमची विनंती साधी आहे. सकाळी पहिल्या टीवर खेळाडूंची नावे पुकारता, त्याच ध्वनिक्षेपकावरून त्याआधी अर्धा मिनिट मराठीत आणि हिंदीत सांगा: 'फोर' ऐकू आले की वर बघू नका, पाठ करा, डोके झाका, खाली बसा. तिकिटामागे आणि दोरीच्या प्रत्येक प्रवेशाशी हेच छापा. चेंडू पडण्याच्या जागेजवळच्या मार्शलच्या हाती दोन रंगांच्या झेंड्या द्या, डावीकडे आणि उजवीकडे दाखवायला, आणि त्यांना हेही सांगा की टीवरची हाक त्यांनी स्वतःच्या तोंडाने मराठीत पुढे द्यायची. 'डोकं खाली!' एवढे दोन शब्द पुरेत.

आपले,
गोल्फप्रेमी वाचक, पुणे