‘हुकलेले’ हा शब्द खोडल्याबद्दल

आदरणीय बाईंना,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही छापायचे नाही, अशी ताकीद आपण दिली होती. ती पाळूनच हे पत्र लिहीत आहे. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांत परीक्षकाच्या टेबलामागे बसलेले ज्यांनी आपल्याला पाहिले आहे, त्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते ओळखता येईल. बाकीच्यांना ते कळले नाही, तरी माझ्या आभारात काही उणे येणार नाही.

मुलीच्या जिम्नॅस्टिक्स वर्गाच्या उन्हाळी शिबिरात शॅनन मिलर या अमेरिकन जिम्नॅस्टच्या कारकिर्दीवर अर्धा तास बोलायचे मी कबूल केले, तेव्हा माझ्या हाताशी पदकांची यादी आणि मला फार आवडलेले एक शीर्षक, एवढीच सामग्री होती. ‘०.०१२ गुणांनी हुकलेले सुवर्ण’ हे ते शीर्षक; १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये एवढ्याच फरकाने मिलर तात्याना गुत्सूच्या मागे राहिली होती. मजकुरावरून एक नजर फिरवा, असे म्हणत मी आपल्याकडे आले, तर आपण पहिल्याच ओळीतला ‘हुकलेले’ हा शब्द लाल शाईने खोडलात आणि “म्हणजे गुत्सूला ते सापडलं होतं का?” असे विचारलेत. त्यानंतरच्या चार संध्याकाळी आपण मला समोर बसवून जुनी चित्रणे दाखवलीत, एकेक उडी थांबवून, पुन्हा मागे नेऊन. त्या चार संध्याकाळींबद्दल हे आभार आहेत.

बार्सिलोना, १९९२. मिलर तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि त्याच वर्षीच्या वसंतात तिच्या कोपराचा सांधा निखळून शस्त्रक्रियेत त्यात स्क्रू बसवावा लागला होता. मी याच दुखापतीवर दोन परिच्छेद खर्च केले होते. आपण ते एका वाक्यावर आणलेत, कारण परीक्षकाला कोपरातला स्क्रू दिसत नाही, हात सरळ आहे की वाकलेला एवढेच दिसते. आणि जूनमधल्या बाल्टिमोरच्या निवड चाचणीत ती पहिली आली, तेव्हा तो हात सरळच होता. ऑलिंपिकमधील ऑल-अराउंड (सर्व साधनांवरील गुणांची बेरीज धरणाऱ्या) अंतिम फेरीत तिने शेवटच्या व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन साधनावरून मारायच्या उडीवर, ९.९७५ गुण मिळवले. तात्याना गुत्सूला सुवर्णासाठी ९.९३९ हवे होते. पहिल्या उडीला तिला ९.९२५ मिळाले, दुसऱ्या उडीला ९.९५०, आणि दोन्हींपैकी सरस उडी धरायची हा तेव्हाचा नियम होता. अशा रीतीने ३९.७३७ विरुद्ध ३९.७२५ असा निकाल लागला.

यावर मी बराच त्रागा लिहिला होता. एका देशाच्या तिघींनाच अंतिम फेरीत जागा होती. गुत्सू बीमवरून, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवरून, पडल्यामुळे आपल्याच संघात चौथी आली होती, आणि रोझा गालियेवाच्या दुखापतीचे कारण पुढे करून तिच्या जागी गुत्सूला उतरवण्यात आले होते. तेव्हा हा मिलरवर अन्याय आहे, असा माझा निष्कर्ष होता. आपण तो शांतपणे ऐकून घेतलात आणि अन्याय झालाच असेल तर तो गालियेवावर झाला, मिलरसमोर जी उभी राहिली तिने त्या दिवशी आपली उडी नीट मारली, हे मला चित्रण दाखवूनच पटवून दिलेत. इतक्या वर्षांत अनेकांनी या प्रसंगावर लिहिले असेल, पण गालियेवाची आठवण काढणारे थोडे. बार्सिलोनाहून मिलर दोन रौप्य आणि तीन कांस्य अशी पाच पदके घेऊन परतली, त्यात एकही सुवर्ण नव्हते. तरीही बीमवरचे रौप्य मोठे की ऑल-अराउंडचे, या माझ्या प्रश्नाला आपण उत्तर दिले नाहीत आणि सरळ पुढचे वर्ष लावलेत.

ते वर्ष लावण्यामागचा आपला हेतू मला दुसऱ्या दिवशी उमगला. १९९३ च्या बर्मिंगहॅम येथील जागतिक स्पर्धेत मिलर ऑल-अराउंड विजेती ठरली, ती रुमानियाच्या जिना गोगियानच्या ०.००७ गुणांनी पुढे राहून. बार्सिलोनातल्या फरकापेक्षाही हा फरक लहान होता, आणि मी तो माझ्या मजकुरात नोंदवलादेखील नव्हता. ०.०१२ वर मी शीर्षक बांधले होते आणि ०.००७ ला माझ्या लेखी काही किंमत नव्हती. आपण यावर काहीच बोलला नाहीत, फक्त दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिलेत. मला त्या वेळी खरोखर लाज वाटली.

त्याच स्पर्धेतली बीमची अंतिम फेरी आपण मला तीनदा पाहायला लावलीत, आणि तीन हाच आकडा तिथेही होता : मिलर त्या एका रूटीनमध्ये (सलग करायच्या कसरतींच्या मालिकेत) तीन वेळा खाली पडली. त्या काळच्या गुणदानात एका पडण्याला अर्धा गुण जात असे, म्हणजे दीड गुण केवळ पडण्यात गेले, आणि तोल सावरताना गेलेले दशांश वेगळे. पाच मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद पट्टीवर पुन्हा चढताना तिचा चेहरा काही सांगत नाही, हात जागच्या जागी येतात, पायाची बोटे ताणलेली राहतात. आपण बोट ठेवलेत ते नेमके तिथे. पडल्यानंतरच्या पहिल्या तीन सेकंदांत जिम्नॅस्टची तालीम दिसते, असे आपण म्हणालात आणि त्यासाठी पडलेली रूटीन्स जपून ठेवायची असतात, असेही. त्यानंतर फ्लोअरच्या (जमिनीवरच्या कसरतींच्या) अंतिम फेरीत तिने सुवर्ण जिंकले. असमान उंचीच्या दोन बारवरचे सुवर्णही त्याच स्पर्धेतले.

पुढच्या वर्षी ब्रिस्बेनला तिने ऑल-अराउंड विजेतेपद राखले. लागोपाठ दोन जागतिक ऑल-अराउंड विजेतेपदे मिळवणारी ती पहिली अमेरिकन जिम्नॅस्ट. बीमचे सुवर्णही तिथे मिळाले. त्यानंतरचा काळ माझ्या मजकुरात अवघ्या एका ओळीत उरकला होता, कारण त्यात साजरे करण्यासारखे मला काही सापडले नव्हते : १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत डॉमिनिक डॉजने सगळी सुवर्णपदके नेली, १९९५ मध्ये तेरा वर्षांची डॉमिनिक मोसियानू राष्ट्रीय विजेती झाली. आपण मात्र मला याच दोन वर्षांकडे परत परत नेलेत. पंधराव्या वर्षीचे हलके, बुटके शरीर आता राहिलेले नव्हते. तीच उडी, तीच कोलांटी नव्या उंचीवर आणि नव्या वजनावर पुन्हा शिकावी लागते, आणि शिकत असताना हरावे लागते, हे आपण जितक्या कोरडेपणाने सांगितलेत तितके मला ते पटत गेले.

अटलांटा १९९६ बद्दल बहुतेकांना मिलरच्याच संघातल्या केरी स्ट्रगची लंगडत मारलेली उडी आठवते. मलाही तीच आठवत होती. मिलर त्या वर्षी राष्ट्रीय विजेती होती, पण मनगटाच्या दुखण्यामुळे निवड चाचणीत उतरली नव्हती, आणि राष्ट्रीय स्पर्धेतल्या गुणांच्या आधारे तिला संघात घेतले होते. सर्वांनी एकच ठरावीक रूटीन करायचे, अशा सक्तीच्या फेऱ्यांचे ते शेवटचे ऑलिंपिक. त्या फेऱ्या पाहायला कंटाळा येतो, असे मी म्हणाले तेव्हा आपण जवळजवळ रागावलात. सगळ्यांची रूटीन सारखी असली की परीक्षकाला लपायला जागा राहत नाही, हे आपले वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

संघाचे सुवर्ण मिळाले. ऑल-अराउंडमध्ये ती आठवी आली आणि व्हॉल्टच्या अंतिम फेरीत, जिथे ती जखमी स्ट्रगच्या जागी उतरली होती, ती पडून शेवटची आली. मग बीम. एकोणीस वर्षांची ही मुलगी त्याच पट्टीवर चढते आणि या वेळी खाली उतरते ती थेट लँडिंगला. ९.८६२. बीमवर ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली अमेरिकन ठरली. रौप्य युक्रेनच्या लिलिया पोदकोपायेवाला मिळाले आणि कांस्य मिळाले ते बर्मिंगहॅमला ०.००७ ने मागे राहिलेल्या त्याच जिना गोगियानला. तिचे नाव पाटीवर दिसताच आपण चित्रण थांबवलेत, आणि या वेळी ते नाव मी ओळखले याचा आपल्याला झालेला आनंद मला दिसला.

शिबिरात मी पदकांची यादी वाचून दाखवली नाही. बर्मिंगहॅमची तीन पडणी दाखवली, मग अटलांटाचे बीम दाखवले. मुलींनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते पडण्याबद्दल. एकीला पुन्हा चढण्यासाठी किती सेकंद मिळतात ते हवे होते, दुसरीला गोगियानचे फ्लोअर पाहायचे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला आपल्यामुळे देता आले, दुसऱ्या प्रश्नासाठी मी आपल्याकडे येणार आहे.

मिलरने २००० साली पुन्हा प्रयत्न केला होता. बॉस्टनच्या निवड चाचणीत ती व्हॉल्टवर पडली आणि तिने माघार घेतली. मी वाचायला आणलेल्या आपल्या वहीत त्या पानावर फक्त तारीख आहे, शेरा नाही. रविवारी वही परत करायला येईन, तेव्हा त्या पानाबद्दल विचारण्याची परवानगी असावी.

आपली कृतज्ञ,
एका शिकाऊ जिम्नॅस्टची आई