माळ राखायचा तर पावसाळ्यात

संपादक महाशय,

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ रानांचे आणि पशुपालकांचे वर्ष जाहीर केले आहे. त्यानिमित्ताने फलटण, बारामती, पुरंदरच्या माळांविषयी.

सरकारदरबारी हे माळ ‘पडीक’. पडीक म्हटले की चर खणायचे आणि झाडे लावायची. इथे माती जेमतेम वीतभर, खाली मुरूम. चर खणला की मुरूम वर येतो आणि पवना-मारवेल या गवतांचे जुने ठोंब त्याखाली गाडले जातात. शिवाय रोपवन चराईला बंद. कळप तेवढेच, रान निम्मे.

धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, मृगाच्या सुमारास परततात. गवत वाढते नेमके तेव्हाच मेंढरे घरच्या माळावर असतात, खरी अडचण ही. पहिल्या पावसात फुटलेला कोंब मुळांतल्या साठ्यावर वाढतो. तो पुन्हा पुन्हा खुडला गेला की ठोंब मरतो, जागा कुसळी गवत घेते आणि शेवटी नुसते तरवडाचे झुडूप उरते, ज्याला मेंढरू तोंड लावत नाही. कुसळीचे टोकदार बी तर लोकरीतून कातडीत रुतते. ती निसवण्याआधीच, म्हणजे तुरे येण्याआधीच, चारून घ्यावी.

गावाच्या माळाचे चार भाग पाडावेत. एक भाग मृगापासून बी झडेपर्यंत, साधारण दसऱ्यापर्यंत, पूर्ण राखावा. उरलेल्या तिन्हींत कळप फिरवावा: गवत वीतभर झाले की आत, चार बोटांवर आले की बाहेर. राखीव भाग दरवर्षी बदलावा. कोकणात उतरण्याआधीचे पंधरा-वीस दिवस मात्र तो जरूर चारावा. खुरांनी बी मातीत दाबले जाते आणि वाळके गवत निघाल्याने नव्या फुटव्यांना ऊन मिळते. हद्दीला चुना लावलेले दगड पुरेत. तारेचे कुंपण नको, चिंकारा त्यात अडकतो.

सगळ्या वाड्यांनी मिळून ठरवले तरच हे टिकते. एक कळप राखीव भागात शिरला की आठवड्याभरात बाकीचेही शिरतात.

२००६च्या वनहक्क कायद्यात पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य आहे. ग्रामसभांनी तो मागावा. वन विभागाने नवे चर आखण्याआधी कोणत्या महिन्यात कोणते कळप कुठे चरतात याची पाहणी करावी, आणि ती श्रावण-भाद्रपदात करावी. वैशाखात पाहिला तर कुठलाही माळ ओसाडच दिसतो.

– माळरान व मेंढपाळांसोबत काम करणारे काही कार्यकर्ते, बारामती