पाठिंब्याच्या संदेशाखाली आकडे मागा

मा. संपादक,

21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन येतो. 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 10 जवान हुतात्मा झाले, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. ‘आम्ही पोलिसांच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहोत’ असा नेत्यांचा संदेश त्या दिवशी हमखास येतो, आणि त्यावरच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. निम्मे लोक सलाम करतात, निम्मे म्हणतात, आधी हप्ते बंद करा. दोघेही मनापासून बोलतात, पण संदेश देणाऱ्याला कोणीच काही विचारत नाही. सगळा राग चौकात उभ्या असलेल्या शिपायावर निघतो.

तो शिपाई स्वतः बोलू शकत नाही. 1966 च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधने आहेत. 18 ऑगस्ट 1982 रोजी मुंबईत पोलिसांचे बंड झाले तेव्हा लष्कर बोलवावे लागले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. 2012 मध्ये आझाद मैदानावरील हिंसाचारात पोलिसांवर हल्ले झाले, महिला पोलिसांवर हात टाकला गेला. त्यानंतर राज ठाकरे यांनी गिरगाव चौपाटीवरून मोर्चा काढला आणि सभेत एका पोलीस शिपायाने त्यांना गुलाबाचे फूल दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिपाई मात्र चौकशीत अडकला, कारण सेवेत असताना राजकीय व्यासपीठावर जाणे वर्तणूक नियमांत बसत नाही. म्हणून त्याच्या वतीने नेमके प्रश्न विचारायचे काम आपल्यावर येते.

पहिला प्रश्न ड्युटीच्या तासांचा. एक पॉइंट, म्हणजे बंदोबस्ताची एक जागा, चोवीस तास सांभाळायची म्हणजे आठवड्याचे 168 तास. बारा तासांची पाळी आणि एक साप्ताहिक सुट्टी धरली तर एक माणूस 72 तास देतो, म्हणजे सव्वादोनहून थोडी जास्त माणसे लागतात. आठ तासांच्या पाळीत तो 48 तास देतो आणि साडेतीन माणसे लागतात, म्हणजे थेट दीडपट. रजा, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा, आरोपी पार्टी (आरोपीला कोर्टात ने-आण करण्याची ड्युटी) हे सगळे वेगळेच. मे 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांचा प्रयोग सुरू झाला तेव्हा ही योजना नीट मांडणीने चालू शकते हे दिसले. पण भरती न करता ती सगळीकडे लावली की गणपती, निवडणूक, व्हीआयपी बंदोबस्त आला रे आला की पाळ्या पुन्हा बाराच्या होतात आणि सुट्ट्या रद्द होतात. यात ठाणे अंमलदाराचा दोष नसतो, माणसेच नसतात.

दुसरा प्रश्न बदल्यांचा. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये निर्देश दिले, त्यानंतर महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला. ठाण्यातील निरीक्षकाला साधारण दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा, बदल्या अधिकाऱ्यांच्या आस्थापना मंडळाने कराव्यात, असे ठरले. पण अपवाद म्हणून, जनहित व प्रशासकीय निकड दाखवून मुदतपूर्व बदली करण्याची वाटही ठेवली. ज्या नेत्याच्या शब्दावर निरीक्षक हलतो, त्याचा पाठिंबा त्या निरीक्षकाला धाकच वाटणार. असा निरीक्षक नेत्याच्या कार्यकर्त्यावर गुन्हा कसा दाखल करील?

ही माहिती मिळवता येते. माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करावा. विषय एकच ठेवावा, मजकूर 150 शब्दांच्या आत. ठाण्यातील मंजूर पदे, प्रत्यक्ष भरलेली पदे, इतरत्र संलग्न केलेले कर्मचारी आणि मागील वर्षात रद्द झालेल्या साप्ताहिक सुट्ट्या, एवढेच विचारावे. नावे किंवा बंदोबस्ताचा तपशील मागितला की सुरक्षेचे कारण देऊन अर्ज फेटाळला जातो, म्हणून फक्त एकूण आकडे मागावेत. बदल्यांसाठी वेगळा अर्ज करून मुदतपूर्व आदेशांत नोंदवलेले कारण मागावे. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करावे.

हप्त्यांवर आणि मारहाणीवर चिडलेल्यांनीही नेमके विचारावे. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही असावा, चित्रण 18 महिने आणि तसे शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितले. तुमच्या ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का? प्रामाणिक शिपायालाही खोट्या तक्रारीपासून हाच कॅमेरा वाचवतो.

नेमकी मागणी केली की फळ मिळते. मुंबईतील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात तिथल्या पोलीस कुटुंबांना 2022 मध्ये घरासाठी 50 लाख रुपये सांगितले गेले होते. कुटुंबे अडून बसली, किंमत 25 लाखांवर आली आणि शेवटी 15 लाखांवर. सलामांच्या ढिगाने हे झाले नसते.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. असा संदेश छापाल तेव्हा त्याच चौकटीत त्या जिल्ह्यातील मंजूर आणि रिक्त पोलीस पदांचे आकडे द्यावेत, आणि पुढच्या वर्षी संदेश आला की दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी छापावेत.

– एक वाचक, दादर