रिपोर्ट वाचून दाखवणारं कोणी हवं

संपादक महोदय,

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावातल्या बाया थकवा, केस गळणं, पिंढऱ्या भरून येणं अशा तक्रारी घेऊन तालुक्याला रक्त तपासून येतात. हाती कागद पडतो, समजावून सांगणारं कोणी नसतं. परवा शेजारच्या वहिनींनी रिपोर्ट दाखवला: टीएसएच (थायरॉईडची तपासणी) 5.8, हिमोग्लोबिन 12.1, फेरिटिन 9. थायरॉईड वाढलं म्हणून अख्खं घर घाबरलेलं. फेरिटिनकडे कुणी पाहिलंही नव्हतं. माझ्या मते खरी काळजी तिथेच होती. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. तो 15 च्या खाली असला की लोह कमी आहे असं समजतात, मग हिमोग्लोबिन 12 च्या वर का असेना. लोह कमी पडलं की थायरॉईडच्या कामातही अडथळा येऊ शकतो. टीएसएच असा थोडासाच वाढलेला असेल तर डॉक्टर बहुधा फ्री टी-4 (रक्तातलं थायरॉईडचं संप्रेरक) बघतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. गरोदर बाईने मात्र वाट पाहू नये. थायरॉईडची आणि लोहाची अशा दोन्ही गोळ्या सुरू झाल्याच, तर त्यांत चार तासांचं अंतर ठेवावं. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेऊ नये. शिवाय आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असं धरून चालत नाही.

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आठवड्यातली एक दुपार फक्त रिपोर्ट समजावून सांगण्यासाठी राखून ठेवावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक अंगणवाडी सेविका, ता. आर्णी, जि. यवतमाळ