पुंगळीत डोकावून पाहायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

या वर्षी आपण उडालेल्या पुंगळ्यांत नवी दारू व गोळी घालून पुन्हा काडतुसे भरणे थांबवले आणि तळघरातील प्रेस, वजनकाटा, साचे व वह्या माझ्या स्वाधीन केल्या. त्या दिवशी मी आभार मानू लागले तेव्हा आपण विषय बदलला, म्हणून ते आता लेखी मानत आहे. पत्र खुले ठेवण्याचे कारण असे की, अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या ओळखीतील काही मराठी मंडळींना नेमबाजीची गोडी लागली आहे, त्यांतील एकदोघांना पिस्तुलाची काडतुसे घरी भरण्याचा छंद सुरू करायचा आहे, आणि प्रत्येकाला शिकवायला आपल्यासारखे कोणी भेटेलच असे नाही.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. १८६९ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याच्या आत काय चालते हा विषय आमच्या घरात कधीच निघाला नाही, आणि तो काढायचा नसतो हे आम्हां मुलांना न सांगता कळत असे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ओहायोत आपण, यंत्रांची हत्यारे घडवणारे एक निवृत्त टूलमेकर, तळघरात बसून राजरोसपणे काडतुसे भरता, हे प्रथम ऐकले तेव्हा मला खरे वाटले नाही. आपण सुरुवात कायद्यापासूनच केली. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास येथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायची तर तो लागतो, राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे पाहावे लागतात, आणि तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला मोजके अपवाद सोडता बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यासच मनाई आहे. माझे ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत आपण मला टेबलाच्या पलीकडे बसवून केवळ पुस्तिका वाचायला लावल्या. तेव्हा मी मनातून खट्टू झाले होते. आज त्या वाचनाइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचा होत नाही.

त्यानंतरही प्रेसचा दांडा लगेच हातात आला नाही. आधी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचे, आल्या. प्रत्येक उडालेली पुंगळी खिडकीच्या उजेडात फिरवून पाहायची, तोंडाशी उभी चीर गेली आहे का हे नखाने चाचपायचे, बुडाशी चकाकणारे वलय दिसले तर ती बाजूला काढायची. मग आपण मूठभर पुंगळ्या ओंजळीत घेऊन हलवल्या आणि मला ऐकायला सांगितले. कुंभाराकडे मडके टिचकी मारून घ्यावे तसा तो प्रकार होता; सगळ्या खणखणीत वाजत होत्या आणि त्यांत एकच बद्द आवाज येत होता. ती पुंगळी शोधून काढली तेव्हा तिच्या तोंडावरची चीर केसाएवढी बारीक होती आणि माझ्या डोळ्यांतून ती आधी निसटली होती. बॉक्सर हा इंग्रज व बर्डन हा अमेरिकन असूनही बॉक्सरच्या पद्धतीची टोपी (पुंगळीच्या बुडातील, दारू पेटवणारी प्राइमर) अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात, ही आपली आवडती गोष्टही मी याच कामात ऐकली. बॉक्सरच्या पुंगळीत मधोमध एकच छिद्र असल्याने सुईने जुनी टोपी सहज निघते, तर बर्डनच्या पुंगळीत मधोमध छिद्र नसल्याने ती सुईच मोडते, म्हणून परदेशी पुंगळ्या आधी वेगळ्या काढायच्या. पुंगळी मूळ मापात आणणे, नवी टोपी बसवणे, तोंड किंचित रुंदावणे ही पुढची कामे साचे आणि प्रेस निमूटपणे करतात. त्यांच्याबद्दल फारसे लिहावे असे काही नाही.

लिहायचे आहे ते बंदुकीची दारू मोजण्याबद्दल. मी फार्मासिस्ट आहे आणि ग्रेन हे वजन मला औषधांमुळे ठाऊक होते. ॲस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे मुळातली पाच ग्रेनची गोळी. एका पौंडात ७००० ग्रेन असतात आणि येथे त्या ग्रेनच्याही दशांशाकडे लक्ष ठेवावे लागते, हे ऐकून मला आपल्याच कामावर असल्यासारखे वाटले. तरीही मला माहीत नसलेला धोका आपण दाखवलात. पॉइंट ३८ स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमाराचे, काळ्या दारूसाठी आखलेले, म्हणून त्याची पुंगळी लांब. आजची धूरविरहित दारू, तीही कागदी लक्ष्यावरच्या सौम्य काडतुसासाठी, तिच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढीच पडते. एकाच पुंगळीत ती चुकून दोनदा पडली तरी वरून गोळी व्यवस्थित बसते आणि तयार काडतूस बाहेरून तंतोतंत इतरांसारखेच दिसते. यावर आपण दिलेले उपाय साधे होते. दुप्पट पडल्यास पुंगळीतून सांडेल अशी फुगीर दारू निवडायची, टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवायचा, भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात ओळीने उभ्या करून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येकीत विजेरी मारून पाहायचे, आणि मध्येच कोणी हाक मारली किंवा फोन वाजला तर हातातील पुंगळी रिकामी करून नव्याने मोजायचे. किती ग्रेन, हे मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. मात्रा ऐकीव कधी घ्यायची नाही, दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यायची, आणि तीही खालच्या आकड्यापासून, हा आपला दंडक मला पूर्णपणे पटला आहे.

त्या दंडकामागे काय आहे हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले. रेंजवर आपल्या शेजारच्या खणात एक अनोळखी गृहस्थ रिव्हॉल्व्हर चालवत होते. सलग बार होत असताना एक आवाज अगदी पडका आला, हाताला झटका बसला नाही, आणि ते सवयीने पुन्हा घोडा दाबणार तोच आपण मोठ्याने ‘थांबा’ म्हणून ओरडलात. एरवी आपला आवाज कधी चढत नाही. रिव्हॉल्व्हर रिकामे करून नळीत पितळी सळई घातली, तर ती निम्म्यावरच अडली. त्या काडतुसात दारू पडलीच नव्हती. एकट्या टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरून बसली होती आणि पुढची गोळी तिच्यावर आदळली असती, तर नळी फुगली किंवा फाटली असती. ते गृहस्थ पांढरेफटक पडले होते. आपण त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. शेजारी बसवले, पाणी दिले, आणि त्यांनी भरलेली उरलेली सारी काडतुसे सुटी करून पुन्हा तपासावीत असे शांतपणे सांगितले. माणसाला कसे शिकवावे हेही मी त्या दिवशी शिकले.

माझी मुलगी तेव्हा रांगत होती, आणि आपल्याला तिचाच विचार जास्त होता. टोप्यांच्या रसायनात शिसे असते, गोळ्यांत असते, उडालेल्या पुंगळ्यांच्या काजळीतही असते. म्हणून त्या घराबाहेर आणि ओल्याच साफ करायच्या, टेबलाजवळ चहासुद्धा न्यायचा नाही, काम झाल्यावर हात थंड पाण्याने व साबणाने धुवायचे, कपडे वेगळे टाकायचे, आणि माझ्या वार्षिक तपासणीत रक्तातील शिशाची चाचणी करून घ्यायची. टोप्या मूळ खोक्यातच ठेवायच्या, बरणीत ओतायच्या नाहीत, कारण एकत्र पडलेल्या टोप्यांतील एक उडाली तर सगळ्याच उडू शकतात. दारूची पेटी लाकडाची का, लोखंडाची का नाही, असे मी विचारले होते. घट्ट बंद लोखंडी पेटीत आग शिरली तर दाब साठून तिचाच बॉम्ब होतो आणि लाकूड वेळीच उकलते, असे आपण सांगितले. माझ्या घरची कुलूपबंद पेटी आपणच रंधा मारून, कोन जुळवून बनवून दिली आहे.

२०२०-२१ मध्ये दुकानांतून टोप्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा आपण आपल्या साठ्यातून मला हजार टोप्यांचे खोके दिले आणि पैसे घेण्यास नकार दिला. त्याच टोप्यांवर माझा बुल्सआय नेमबाजीचा, म्हणजे कागदी लक्ष्यावर पिस्तुलाने नेम धरण्याचा, सराव टिकला. चपट्या तोंडाच्या वॉडकटर गोळीने कागदात पंचने पाडावे तसे स्वच्छ गोल भोक पडते आणि गुणांचा वाद राहत नाही, याचा आनंद आपल्याबरोबर अनेक शनिवार घेतला.

आणि यंदा, विजेरीच्या उजेडातही पुंगळीतील दारूची पातळी नीट दिसत नाही असे जाणवताच, कोणीही सांगण्याआधी आपण स्वतःहून थांबलात. इतक्या वर्षांचा हात, इतका लाडका छंद, तरीही आपण ‘अजून एकदोन डबे भरू’ असे म्हटले नाही. माझ्या मनातील आपल्याविषयीचा आदर त्या निर्णयाने आणखी वाढला आहे.

आपल्या वहीत मी पुढच्या पानापासून नोंदी सुरू केल्या आहेत. तारीख, पुंगळी कितव्यांदा भरली, दारूच्या डब्यावरील क्रमांक, सगळे आपल्याच रकान्यांत. उन्हाळ्यात ईरी सरोवराकाठी कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय सामन्यांत मी प्रथमच उतरणार आहे. गाडी मी चालवेन, खुर्ची व दुर्बीण घेऊन येईन. आपण माझ्या मागे बसावे, एवढी विनंती आहे. काकूंना नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
तळघरातील विद्यार्थिनी